साका

पहाटे साडेचारला वाजणारा फोन
हणमा भोयाचाच असतो.
"मासं वर आल्यात, ताई." एवढंच.
मी मोपेडच्या डिकीत बाटल्या ठेवते,
काचेच्या बुचाच्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून,
आणि समरजितचे गमबूट चढवते.
तो गेल्या दिवाळीत विमा कंपनीत गेला, बूट राहिले.
दोन नंबर मोठे आहेत.
पुढे जुने अहवाल कोंबले की बरोबर बसतात.

तेरवाडच्या बंधाऱ्यावर नदी पांढरी दिसते,
फेसानं नव्हे, पोटांनी.
आधीच माणसं जमलीत, बादल्या, पोती, पोरं.
"खाऊ नका," मी ओरडते.
डोक्यावर बुट्टी घेतलेली एक बाई वळते,
"काल रातीच खाल्लंय की.
आता काय करू त्ये सांग."
मला सांगता येत नाही.
हे प्रशिक्षणात नव्हतं.

बाटली बुडवायची, आत बुडबुडा येऊ द्यायचा नाही,
दोन औषधं सोडायची, बूच लावून उलटीपालटी करायची,
थांबायचं.
साका तपकिरी बसला तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा राहिला तर नाही.
माझं शास्त्र इथवरच.
पुढची सगळी कागदपत्रं.

आमचं ऑफिस सुभाषनगरात, चपलांच्या कारखान्यावर.
कातड्याचा वास जिन्यानं वर येतो
आणि पावत्यांमध्ये बसतो.
जानेवारीचा पगार एप्रिलात झाला.
यास्मिन बागवान हिशेब लिहिते,
स्वतःचं नाव यादीत शेवटी घालते,
बहुतेक वेळा पैसे तिथवर पोचत नाहीत.

यंदाचा धनादेश नदीच्या वरच्या अंगाच्या
एका कारखान्यानं दिला.
त्यांच्या नावाच्या टोप्या पोरांना वाटल्या, दोनशे रोपं लावली.
फोटोत मी हसतेय.
फोटो चांगला आलाय, तेच वाईट.
अहवालात रकाना होता: लाभार्थी किती?
मी दोनशे लिहिलं.
मासे धरले नाहीत.

मेहुणे जेवायला आले की विचारतात,
"अजून झाली न्हाई व्हय गं तुमची नदी स्वच्छ?"
सगळे हसतात, मीही हसते,
त्यांना पांढरा रस्सा वाढते, वाटी काठोकाठ.
मग रात्री मोरीत उभी राहून
नखांतला काळा गाळ काडीनं काढत बसते.
उठून नोकरीच्या जाहिराती बघते.
एकदा अर्जही भरला होता.
अनुभव: अकरा वर्षं. कशाचा, ते लिहिता येईना.

आणि तरी चिखलीच्या शाळेतली ती पोर,
सुकन्या पोवार, सहावी ब.
थंडीत संगमावर तिनं बाटली हलवली
आणि साका बसला, काकवीसारखा, दाट, तपकिरी.
"घरी नेऊ?"
"नको, विषारी आहे."
पुढच्या शनिवारी ती ऑफिसचा जिना चढून आली,
पिशवीत सोड्याच्या सात बाटल्या,
चिठ्ठ्या चिकटवलेल्या:
काकूची विहीर. शाळेचा नळ. म्हशीचा डोह.
एकीवर नुसतं, "माहीत नाही."
सगळ्यांत हवा भरलेली, तपासाला निकामी.
यास्मिननं खिडकी उघडली, टेबल रिकामं केलं,
आम्ही सातही तपासल्या.
दुपारचा डबा तसाच राहिला.

आता उजाडतंय.
मी बाटली पूर्वेकडे धरते.
हणमा बघतही नाही.
"मला वासानंच कळलं हुतं," म्हणतो,
"पर कोर्टात तुमची बाटली चालती,
माझं नाक न्हाई."
मग कुणाच्या तरी किटलीतून चहा आणायला जातो,
जाताना माझी वही ओली होऊ नये म्हणून
उचलून स्वतःच्या टोपीवर ठेवतो.

मी लिहिते.
वेळ: सहा दहा.
साका: पांढरा.
हवामान: स्वच्छ.