दीड मिलिग्रॅम

पूर ओसरताना पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
सात वर्षं साचलेला निलगिरीचा पाचोळा
मरे नदीनं एका आठवड्यात उकळला, विस्तवाशिवाय.
वास येत नव्हता तेव्हा. तो नंतर आला.

मी पाण्यात मीटर सोडला.
आकडा थरथरला, पाच, तीन,
आणि दीडवर बसला तो
उठायचं नाव घेईना.
लिटरमागे दीड मिलिग्रॅम प्राणवायू.
पानांतला अर्क चाखायला आलेले जिवाणू
बाकीचा कधीच पिऊन बसलेले.

रात्री त्या वर आल्या.
गोड्या पाण्यातल्या शेवंडी, काटेरी पाठीच्या, पांढऱ्या नांग्यांच्या,
बुंध्यांवर, पंपाच्या पाइपावर,
बोटीच्या दोरावर एकीमागे एक,
जीव नांगीत धरून.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात;
पाण्यानंच वैर धरलं तर राहायचं कुठे
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

त्यांचं रक्त निळं. लोखंडाच्या जागी तांबं.
प्राणवायू भेटला की निळं,
नाही भेटला की नुसतं पाणी.
आणि नदीत आम्ल वाढलं
की तांब्याची मूठ सैल होते:
हाती आलेलंही धरवत नाही.
म्हणून हवेत. कल्ले ओले आहेत तोवर.
ऊन चढेपर्यंत.

एनिड ट्रेगिअर, वय एकाहत्तर,
पहाटेपासून बादल्या वाहत होती.
तिच्या अंगणात, लिंबाखाली, न्हाणीघरातून उपटलेला टब,
त्यात पावसाचं साठवलेलं पाणी, चिमूटभर मीठ,
चुनखडीचे खडे ("कवचाला लागतात"),
आणि तळाशी बुडबुडे सोडणारी पारदर्शक नळी.

नळीमागोमाग माझी नजर खिडकीतून आत गेली.
पलंगाशेजारी यंत्र घरघरत होतं.
पलंग आवरलेला.
"जूनपासून बंदच होतं," ती म्हणाली.
"लेसला मिनिटाला दोन लिटर लागायचा.
ह्यांना किती, ते तू सांग."

माझ्या पिशवीत पावतीपुस्तक होतं:
बंदीच्या महिन्यांत शेवंड बाळगणं, दर नगाला दंड.
टबात एक्केचाळीस होत्या.
एकीनं शेपटी उलगडली; आत पिल्लं लटकलेली,
तांदळाच्या कण्यांएवढी,
आणि पकड मात्र कुणाचीच सैल नाही.
मोजायचं म्हटलं तर तीही मोजावी लागली असती.

मी मीटर टबात सोडला.
सहा. सहा पूर्णांक आठ.
तिनं आकड्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.
"बरं आहे," मी म्हणालो.
वहीत लिहिलं स्थळ, वेळ, तापमान.
शेऱ्याचा रकाना तसाच.

परतताना नदीला वास सुटला होता.
पाइपावर एक उशिरा निघालेली,
अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर,
कुठल्या अर्ध्यावर विश्वास ठेवावा ते न ठरलेली.
गाडीत बादली नव्हती.
जेवणाचा डबा होता.
तो मी काठावर उपडा केला.