अर्धा राब

खेडगावच्या बागेत खरड छाटणी.
पेठकडच्या आम्ही अकरा जणी,
कात्र्यांची कचकच,
मांडवावर पान नाही, ऊन थेट मानेवर.

दरसाल काड्या बांधावर ओढायच्या,
सांजेला मालकानं काड्यांना काडी लावायची.
यंदा भिकनदादा गायखे म्हणाले, ओढू नका,
पडू द्या तिथंच, दोन ओळींच्या मधी,
ट्रॅक्टर भुगा करील.
ओढणं गेलं म्हणजे दीड दिवसाचा रोज गेला.
मी गप्प. हौशी बोलली.
दादा म्हणाले, रोज तेवढाच,
भुग्यावर शेणकाला शिंपडा.

वरच्या तुकड्यात तीन सालं असंच चाललंय.
जेवणाच्या सुट्टीत तिथं ठिबकच्या नळीखाली बोट घातलं,
आत गेलं की पेरापर्यंत!
गार माती, चहाच्या चोथ्यासारखी,
आणि बोटाला काहीतरी हललं.
शेजारच्या बागेत तेच बोट टेकवलं
तर खार फुटलेली पांढरी ढेप,
नख दुखलं.

भाकरीचा डबा रिकामाच होता.
मूठभर माती, सात-आठ गांडुळं,
वर ओला फडका.
सावळघाटात एस.टी. वळली तसा
डबा मी पोटाशी धरला.
कंडक्टरला वाटलं, आंबे.

घरी राब रचून तयार.
ऐनाच्या डाहाळ्या, पातेरा, शेण, वर मातीची पाखर.
बांधावरचा ऐन दरसाल असा हातपाय तोडून उभा.
या खेपेला तो मला
छाटलेल्या वेलासारखा दिसला,
फक्त त्याला कुणी मांडव बांधला नव्हता.

सासू म्हणाली,
राब भाजल्याबिगर नागलीचं रोप धरत नाही.
तण कोण मारील? तुझी गांडुळं?
खोटं नाही बोलली.
तणाचं उत्तर दादांकडंही नव्हतं,
ते बाया लावून उपटून काढतात.

शेवटी अर्धा राब भाजला.
अर्धा तसाच ठेवला,
पातेरा, शेण, सांज-सकाळ हंडाभर पाणी,
मधोमध डबा उलटा केला.
एकीकडं काळं, एकीकडं तपकिरी,
वाड्यावरचे लोक येता-जाता हसतात.

रोप कुठलं जोमानं येईल
ते मृगानंतर कळेल, आज नाही.

पण काल पहाटे पाहिलं,
सासू उकिडवी बसलेली,
काटकीनं पातेरा उचकत.
मला बघून उठली,
पदर झटकला,
आणि कोंबड्यांवर ओरडली,
हाड्! तिकडं भाजलेल्यात जा,
इकडं जित्राब आहे.