दीडवर ठेव

उजव्या डोळ्यावर पट्टी,
डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
शालन पलंगावर उशीला टेकून बसलीय
आणि मी तिच्या मशीनवर.
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

पुतणीचं बाळ बावीस दिवसांचं झालं.
गोधडीचे सोळा चौकोन, अकरा तिने केलेले.
"उरलेलं राहू दे, बाजारची देऊ," म्हणालो.
ती काहीच बोलली नाही.
म्हणजे नाही.

आधी सुई बदल, म्हणाली.
अकरा नंबरची काढ, चौदाची लाव.
जाड सुई भोक मोठं पाडते,
मग कागद त्या भोकांवरून सुटतो
पोस्टाच्या तिकिटासारखा.
आणि ती सुई नंतर कापडाला वापरू नकोस,
कागद शिवलेली सुई कापडाशी नीट वागत नाही.

कागदावरून आमचं वाजलं.
मी बटर पेपर आणला होता, गिरगावातून, चांगला, महाग.
इस्त्री लागताच गुंडाळून बसला
रुसलेल्या पाहुण्यासारखा.
शेजारच्या सौमित्रने ऑफिसातला प्रिंटरचा दिला.
जाड. फाडताना टाकेच ओढून काढू लागला.
पतंगाचा कागद तर शिवता शिवताच फाटला.
"वर्तमानपत्र?"
"शाई लागेल. बाळाला बातम्या पांघरायच्यात का?"

मग माळ्यावरून ते रीळ काढलं,
खेतवाडीतला आमचा छापखाना बंद झाला तेव्हा
पगाराच्या बाकीत मिळालेलं.
प्रुफाचा कोरा कागद, कडेला पिवळा पडलेला.
शालनने बोटांनी चोळला, कानाशी नेऊन टरकावला.
हा, म्हणाली.
एवढी वर्षं माझ्या घरात होता होय हा?

टाका दीडवर ठेव.
अडीचवर असेल, तो काटा खाली घे.
बारीक टाका, म्हणजे कागद जाईल, शिवण राहील.
पण चुकलास तर उसवताना रडशील,
म्हणून चुकू नकोस.

रेघ कागदाच्या या बाजूला, कापड त्या बाजूला.
डावं उजवीकडे जातं, सुलट तळाशी तोंड करून निजतं.
हे याला काय जमणार, असं तिच्या आवाजात होतं.
अगं, एकतीस वर्षं खिळे जुळवले मी.
शिशाचा उलटा 'क' अजून अंगठ्याला कळतो.
कापडाचा तुकडा खिडकीशी धरला,
उजेडात रेघ दिसली, पाव इंच बाहेर ठेवला,
दाबली टाच.

"मोठा पडतोय."
"काय?"
"टाका. ऐकू येतंय मला."
बघितलं, काटा दोनवर सरकलेला.
मंगळवारी म्हणाली, सुई बोथटली,
आता टकटक नाही करत, ढबढब करते.
भिंगाखाली धरली, टोक खरंच वळलेलं.
तिने अशा किती सुया
माझ्या नकळत फेकल्या असतील.

तिसऱ्या चौकोनात निळ्या जागी पिवळं लागलं.
मंगळदास मार्केटची चिंधी, उतरत्या दुपारचा डोळा.
दीडचे टाके उसवत पाऊण तास बसलो.
ती झोपली नव्हती.
काही बोलली नाही. ते मात्र 'नाही' नव्हतं.

शनिवारी कागद फाडायला घेतला.
नख टाक्यावर दाबून, शिवणीपासून बाजूला, हळू.
तिच्या मांडीवर, पलंगावर, माझ्या दाढीत
प्रुफाचा भुसा.
तिने प्रत्येक टोक बोटांत फिरवलं,
सोळाव्यापाशी थांबली.
"इथे कागद राहिलाय."
मी चिमटा शोधायला उठलो.
"असू दे. दोन धुण्यांत जाईल.
तोवर बाळ वळलं की
आईला कळेल."

मी दिवा मालवला. पट्टीच्या बाजूने आवाज आला:
काटा अडीचवर आणलास ना परत?