नळी नसलेलं झाड

सोहारहून लतीफ सोलकरचा फोन आला
तेव्हा मी कलमांवर ओलं गोणपाट टाकत होते.
"कुंदाताय, घर बांधतंय नाट्याच्या सड्यावर.
पुढं झाडं कुठली लावू, सांग."

अठरा वर्षं वाळवंटात झाडं जगवतोयस तू,
आणि मला विचारतोस?

"मी कुठं जगवतो? पंप जगवतो.
हर खोडाला एक काळी नळी, नळीला घड्याळ.
बंद केली की आठवड्यात पानांचा कागद.
सड्यावर नळी कुठनं आणू?"

खरं आहे.
पाऊस आमचा एकशे तीस इंच
आणि एप्रिलात टँकर;
घाटावर सांगितलं तर लोक हसतात.
चार महिने कातळावरून पाणी नुसतं धावतं,
खाडी गाठेपर्यंत कुठं टेकत नाही.
मग आठ महिने तवा.
गुरंसुद्धा दुपारी सडा ओलांडत नाहीत.

गिऱ्हाइकं येतात मोबाइलात चित्रं घेऊन.
फाटकापासून दोन ओळीत पाम, खाली हिरवळ.
परवा एक डोंबिवलीचे: "लवकर सावली देईल असं द्या."
म्हटलं, लवकर देणारं लवकर पडतं.
तरी गुलमोहर घेऊन गेले.
मी अडवलं नाही. मलाही पोट आहे.

पण लतीफला कसं फसवू?
बारा वर्षांचा होता, शेणखताच्या पाट्या वाहायचा,
हातून सुरंगीचं रोप मोडलं म्हणून
दिवसभर जेवला नव्हता.

हापूस म्हण, तर सुरुंगानं खड्डा फोड,
ट्रकभर माती ओत, वर पाच वर्षं पाणी पाज.
सुरू वाऱ्याला बरा, पण पायाशी गवत उगवू देत नाही.
उंडीला खाडीची हवा लागते.
काजू, हं, काजू...

तेवढ्यात त्यानं फोटो पाठवला.
"ह्याला नळी नाय. ह्याला कुणी लावलाच नाय.
कंपनीनं कुंपण वळवलं ह्याच्यासाठी.
गाफ म्हणतात. ऐन उन्हाळ्यात नवी पालवी."

मी चष्मा पुसला.
बारीक पानं, आखूड काटे, लोंबत्या शेंगा.
अरे, ही तर शमी!
आमच्या देवळामागं आहे, जेमतेम माणसाएवढी,
अंगभर शेवाळ, दसऱ्यापुरती आठवणारी.
मी नर्सरीत चारदा लावली.
चारही वेळा आषाढानं मारली.
तिथं तहानेवर वाढते ती,
इथं पाण्यात पाय कुजून जाते.

बराच वेळ दोघंही गप्प.
पैसे त्याचे जात होते.

"लतीफ, एक वर्ष काहीच लावू नको.
गडगा घाल. गुरं आत नकोत, वणवा तर नकोच.
मग फटींतनं काय वर येतं ते बघ.
करवंद येईल, तोरण येईल,
कुंभा येईल जळक्या सालीचा,
एखादा काजू वटवाघळानं टाकलेला.
ती जागा तपासूनच आलेली असतात.
त्यांच्या शेजारी तुझं लाव.
वीतभर लाव. मोठं उचलून आणलंस
तर ते मुळं मागं ठेवून येतं."

"आणि सावली?"

"पहिली तीन वर्षं झाड खाली वाढतं.
वर काही दिसायचं नाही.
तू शिव्या घालशील मला."

तो हसला. पलीकडं पंप धडधडला,
"सुटी संपली, ठेवतो," म्हणाला.

उन्हं कलल्यावर कुंपणाकडची करंजाची पिशवी
सावलीत घ्यायला गेले,
दोन वर्षं कुणी न नेलेली.
उचलेना.
बूड फाडून मूळ कातळाच्या चिरेत उतरलं होतं
मला न विचारता.

किमतीची चिठ्ठी तेवढी काढून घेतली.