वाटणी

सुई दंडात शिरते तेव्हा एंगेला खिडकीबाहेर बघते.
महिन्यातून एकदा, एका बैठकीत दोन इंजेक्शनं.
बाहेर कारूचं माळरान, पवनचक्की,
तिच्या सावलीच्या पट्टीत एकामागे एक मेंढरं.

असल्याच पवनचक्कीवरून बाप पडला होता, बासष्ट साली.
उठला, टोपी झटकली, जेवायला आला.
"आमच्या घरात हाडं मोडत नाहीत," म्हणायचा.

गिदियनबद्दल मात्र काही म्हणायचा नाही.
जन्मतःच जुळलेली दोन बोटं,
बाराव्या वर्षी चौकटीला लागणारं डोकं,
डावा गाल लुळा.
हसला की अर्धाच हसायचा.
मग कान गेले.
कवटी आतून जाड होत होती,
नसांच्या वाटा बुजवत.
एकदा तळ्यात उतरला तो सरळ तळाला गेला.
एंगेला काठावर, नऊ वर्षांची, किंचाळत
आणि तो पलीकडून बाहेर आला,
तळावरून चालत.

डोकं दुखून दुखून गेला. एकतिसावं लागलं होतं.
पेटी नेताना सहा जण दोनदा थांबले.

पुढे केप टाउनची डॉक्टरीण आली,
वहीत चौकोन काढले, गोल काढले.
पाच पिढ्या वर गेली तर
आईकडचा आणि बापाकडचा म्हातारा एकच निघाला.
म्हणाली, हाडाला 'आता पुरे' सांगणारा एक निरोप असतो.
तुमच्या वडिलांना तो अर्धाच मिळाला,
म्हणून पडून उठले.
गिदियनला मिळालाच नाही.
तुम्हाला दोन्हीकडून, पुरता.

शेत थोरल्याला, चांदीचे चमचे मुलीला
एवढीच वाटणी एंगेलाला माहीत होती.
ही कधी झाली?
कुणाच्या सह्या आहेत हिच्यावर?

गेल्या हिवाळ्यात पावाचा साचा भट्टीतून काढताना
मनगट मोडलं. काटकी मोडावी तसा आवाज.
स्कॅनच्या कागदावर सगळे आकडे उणे.

"हे औषध तोच निरोप अडवतं," नर्स लुलामा सांगते,
दुसरी सुई भरता भरता.
"ज्यांच्याकडे तो नव्हताच,
त्यांच्या रक्तावरून सुचलं म्हणे."

एंगेला काही बोलत नाही.
त्याच्या पेटीचं वजन तिला अजून आठवतं,
आणि मुलगी म्हणून
खांदा द्यायला तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"कापूस दाबून धरा."
ती धरते. डाव्या हातानं,
पाचही बोटं सुटी.