तिसरी धार

वहीच्या पहिल्या पानावर मजकूर नाहीच,
पेल्याच्या बुडाचं एक ओलसर वलय,
दोनशे वर्षांत विटून चहाच्या रंगाचं झालेलं.
दुसऱ्या पानावर एल्स्पेथ हॅडोची सही,
म्हणजे फुली.
नवरा हेरिंगच्या होडीवरून परतला नाही
त्या हिवाळ्यात तिनं दारावर आडवी काठी ठोकली,
काठीला झाडू टांगला.
ऑखेनबर्नमध्ये याचा अर्थ सगळ्यांना कळायचा:
बिअर तयार आहे, या.

विहीर तिच्याही आधीची.
पाणी जड. त्यात कपडे धुतले
तर साबणाला फेस येत नसे.
बिअरला यायचा, आणि टिकायचा,
बोटानं नाव लिहून पुसावं इतका वेळ.

जव भिजवायचे. मोड येऊ द्यायचे.
मोड आले की भट्टीवर पसरून वाढ मारायची.
हे शिकवताना वुल प्रिंगल टोपी काढायचा.
"दाण्याला वाटतं वसंत आला," म्हणायचा,
"त्याच्या त्या चुकीवर आपलं पोट."
मग पुन्हा टोपी घालून
मला शिव्या देत फावडं हातात द्यायचा.

त्याच धान्यावरून तीनदा गरम पाणी.
पहिल्या धारेची काळपट, मनुकांच्या वासाची,
सर्दी झालेल्या पाद्र्यालाही चालायची;
पिंपावर खडूनं नव्वद शिलिंग.
दुसरी साठची, खाणीतून वर आलेल्या
घशातल्या कोळशासाठी.
आणि तिसरी?
जरा धान्य आठवणारं पाणी.
उरलेला चोथा गाईंच्या आंबोणात.

तिसरीला वहीत किंमत नाही.
त्या रकान्यात हॅडोंच्या पिढ्यांनी
नुसती आडवी रेघ ओढली.
एकट्या गॅव्हिन हॅडोनं, ज्याला हिशेब येत होता,
एका मंगळवारी टोकदार अक्षरात लिहिलं:
तिसरी बंद. निव्वळ तोटा.
शुक्रवारी फाटकाशी बायका आल्या.
कुणी ओरडलं नाही.
तीसेक रिकाम्या किटल्या
दगडी फरशीवर एकामागून एक ठेवल्याचा आवाज,
एवढंच.
शनिवारच्या ओळीत त्याच अक्षरात, जरा बारीक:
चालू.

पहिल्या महायुद्धात धान्य आटलं, भट्टी विझली.
जेसी प्रिंगलनं यीस्ट मातीच्या बरणीत भरलं,
पलंगाखाली ठेवलं, बटाट्याचं पाणी पाजून जगवलं.
विरजण मागावं तशी शेजारीण वाटी घेऊन यायची,
बेकरीवाला ब्रेमनर तर रोजच.
गावाची पावं आमच्या बिअरच्या अंगानं फुगली.

नंतर कुणीतरी दुरून आम्हाला विकत घेतलं.
सही करायला आलेल्या माणसानं चव घेतली नाही,
गाडी चालवायची आहे म्हणाला.
तांब्याची कढई भंगारात गेली,
तिला बाहेर काढायला भिंत पाडावी लागली.
एकतीस वर्षं आत डोमकावळे राहिले.
खालच्या गावात डब्यातली बिअर आली, थंडगार,
थंडी एवढी की चव नाही हे कळू नये.

पण ब्रेमनरांची बेकरी एक दिवसही बंद नव्हती.
मी नेटा ब्रेमनरकडे वाटी घेऊन गेलो,
तर ती पीठभरल्या हातानं म्हणाली,
"बराच उशीर केलास.
तुमचंच आहे, घेऊन जा.
वाटी मात्र परत आण."

आता पहिल्या धारेच्या बाटलीला सोनेरी लेबल असतं,
ती ग्लासगोला जाते, तिच्याविषयी लोक
लाकूड, जर्दाळू, धूर असे शब्द वापरतात.
वापरोत.
शुक्रवारी चारला मी फाटक उघडतो.
रात्रपाळी संपवून झोपून उठलेली नर्स येते,
जाळी विणणारा म्हातारा ड्यूगल्ड येतो,
घरी दोन जण आहेत असं सांगून दोन पेले नेतो.
आम्ही सगळे जाणतो, एकच आहे.

मग वही.
मीही रकान्यात रेघ ओढतो.
काल हात जरा हलला,
वाकडी गेली.