खसखस

सकाळी सहाला मोबाईल वाजतो.
मेट्रन वळवींचा एकच शब्द : ये.
नाहीतर काहीच नाही.
काहीच नाही आलं की सात वाजेपर्यंत
मी गच्चीवर कपडे वाळत घालत राहते,
वाळलेलेच पुन्हा झटकते.

आज 'ये'.

देवपुरातून, पांझरेच्या पुलावरून
गल्ली नंबर पाच. रिक्षाचे वीस रुपये.
धुळ्यात गल्ल्यांना आकडे आहेत,
लॅबमध्ये मलाही आहे : सतरा.

रेशमा बाटली देते.
कडी लावायची नाही. नळ बंद, बादली पालथी.
ती दारात उभी राहते.
बघायचं हे तिचं काम,
आणि ती बघते
माझ्या डाव्या चपलेच्या अंगठ्याकडे.
चौदा वर्षं मीच वाटल्या असल्या बाटल्या.
"मधली धार घ्या मावशी" म्हणायचं
आणि वळायचं पुढच्या खाटेकडे.
मावशींचं तोंड कसं व्हायचं
ते पाठीला कुठलं दिसायला.

अर्धं अँप्युल लागायचं, अर्धं उरायचं.
रजिस्टरला त्यासाठी रकाना असतो : वाया.
त्यापुढे दोन सह्या.
दुसरी सही करणारी कायम घाईत,
रात्री तीनला तर कोण वाचतं?
जळीत वॉर्डात नऊ महिने.
साक्रीकडची एक मुलगी, स्टोव्ह म्हणाले सगळे.
तिची पट्टी सोडवायच्या आधी
तिला मोजून दिलं,
उरलेलं सिंकमध्ये सोडायला गेले.

नाही सोडलं.

तिच्या माथी मारत नाही मी हे.
तिला तिचं पुरतं मिळालं,
समुपदेशकांना तीनदा सांगितलं,
त्यांनी तीनदा लिहून घेतलं.
मग त्यांनी विचारलं, आणि नंतरच्यांना?
मी पंख्याकडे बघत राहिले.
पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं.

अठरा महिने.
रात्रपाळी नाही, कपाटाची किल्ली नाही.
लसीकरणाच्या टेबलावर बसते,
पोरांच्या जिभेवर दोन थेंब,
आया टॉवेलने तोंड पुसतात.
खोकल्याचं औषधसुद्धा विचारून घ्यायचं.
आणि खसखस बंद.
एवढीशी, नखात मावणारी,
पण चाचणीत अफूच बोलते.

आईला सांगितलं, अंगावर पित्त उठतं.
चैत्रात पारोळ्याहून मसाला आला,
दरवर्षी एक डबा, यंदा दोन.
एकाला लाल दोरा.
फोनवर म्हणाली,
"दोरावाला तुन्हा. त्यामां खसखस नही टाकी."
मग थोडा वेळ नुसती मिक्सरची घरघर,
शेजारणीचा असेल.
"आते गिनती बराबर शे ना?"

पेपरात दोनच ओळी होत्या, नाव नव्हतं.
आईला वाचता येत नाही.
कुणी वाचून दाखवलं,
आणि कितीदा वाचायला लावलं तिने,
मी विचारलं नाही.
"शे," म्हटलं.
त्या रात्री शेवभाजी केली त्याच डब्यातली.
रस्सा जरा पातळ झाला. दोनदा वाढून घेतला.

तर, बाटली.
रेशमा झाकण घट्ट करते, पट्टी चिकटवते,
हाताने चाचपून बघते कोमट आहे ना,
सतरा लिहिते.
मी सही करते. मग ती,
नाव, तारीख, वेळ, सगळं ओठांत वाचून,
सावकाश, पेन दाबून.
दुसरी सही अशी करायची असते.

एखाद्या आठवड्यात 'ये' येतच नाही
तेव्हा हलकं वाटायला हवं.
नाही वाटत. कुणी मोजत नाहीये
असं वाटतं, आणि हात
रिकाम्या खिशात किल्ली शोधतो.
हे मी कुठल्याच फॉर्मात लिहिलेलं नाही.

"ताई, धुवा हात," रेशमा नळ सोडते.
पाणी गरम. मे महिना,
गच्चीवरची टाकी, काळी.
हात काढून घेत नाही.
ती टॉवेल शोधते. टॉवेल नाहीच.
माझ्या ओढणीकडे बघून हसते.